पाटकरणीची वाटी

१४ मार्च

सव्वीस वर्षे दहा घरांच्या पाटाची पाटकरीण आणि चौतीस वर्षे माझी पत्नी, हिस,

मृत व्यक्तीस पत्र लिहिणे तर्कास धरून नाही, हे मी जाणतो. तथापि तू गेल्यापासून दिवसाकाठी पाच-सहा गोष्टी अशा घडतात की ज्यांचा अहवाल तुलाच द्यावा लागतो, आणि तोंडी देण्याची सोय राहिलेली नाही. सबब हे पत्र.

पंच काकी काल घरी आल्या होत्या. पाटाचे पाणी घरोघर वाटून देण्याचे काम नवी पाटकरीण ठरेपर्यंत मी पाहावे, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, “मी वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक आहे. मला शेतीतले काही कळत नाही.” त्या म्हणाल्या, “शेती कोण करायला सांगतंय? वाटी पाण्यावर ठेवायची, बुडाली की हाक मारायची. शिवाय पाटावरचं शेवटचं घर तुमचं. माप शेवटच्याच्याच हाती असतं.” हा नियम कोठे लिहिलेला आहे, असे मी विचारले. उत्तरादाखल त्यांनी पाटावरच्या खोलीच्या दोन्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

आज सकाळी दाराच्या खोलीत गेलो. पाटाच्या तोंडाशी असलेली ती लहानशी खोली तू गेल्यावर प्रथमच आतून पाहिली. वाटी तरंगवायचे पाण्याचे घंगाळ जागेवर आहे. तुझी चटई आहे. खुंटीवर तुझी उन्हाची टोपी आहे, ती तशीच राहू दिली आहे. आणि फळीवर ती तांब्याची वाटी. काळी पडलेली, कडेला पांढरी पुटे चढलेली, बुडाच्या छिद्राभोवती खरपुडी धरलेली. एवढ्या वर्षांत मी ती घासून देऊ म्हणालो की तू म्हणायचीस, “तिला हात लावू नका.” मला नेहमी वाटे की तुला माझ्यावर काम टाकायचे नसावे.

आज मी ती घासली. लिंबू, राख, आणि छिद्रासाठी बारीक दाभण. दोन तास लागले. तुझ्यासाठी काही करण्यासारखे उरलेच नव्हते, म्हणून हे केले. आता ती अशी झळकते की तू पाहिली असतीस तर निदान एक तरी शब्द बोलली असतीस.

तुझा,
मी

२९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझ्या ताईच्या पश्चात तुला सविस्तर लिहिण्याचे राहून गेले, त्याबद्दल दिलगीर आहे. तुझ्या कपड्यांच्या कारखान्यातील कापणी विभागाचे काम ठीक चालले असेल.

येथे एक अप्रिय प्रकार उद्भवला आहे. तुला पद्धत ठाऊक आहेच; तरी वस्तुस्थिती नेमकी असावी म्हणून लिहितो. दर चौथ्या दिवशी पाट आपला असतो. सूर्योदयाला पहिल्या घराची पाळी सुरू होते. प्रत्येक घरास तीन वाट्या, म्हणजे वाटी तीन वेळा बुडेपर्यंत पाणी. नऊ घरे झाली की सूर्यास्तापर्यंत जे उरेल ते दहाव्याचे, म्हणजे आपले. गेल्या चार फेऱ्यांत मी हे काम जातीने केले आहे. एकही वाटी मोजावयाची चुकलेली नाही.

असे असता पहिल्या घरचे तात्या तक्रार करू लागले आहेत की त्यांच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही. प्रथम मी दुर्लक्ष केले. परवा ते आपल्या शेताच्या बांधावर उभे राहून, चार माणसे ऐकतील अशा आवाजात म्हणाले, “साहेब, तुमच्या शेतात आता बदकं सोडा. भात नको, मासळीच पिकेल.” मी म्हणालो, “आपण काय सुचवू पाहता?” ते म्हणाले, “मी कशाला सुचवू? पाणीच सांगतंय. नऊ जणांचं सुकतंय, दहाव्याचं तुंबतंय.”

इथपर्यंत मी सहन केले असते. परंतु नंतर ते म्हणाले, “वहिनी होत्या तेव्हा आम्ही कधी मोजलंच नाही. कोण जाणे, तेव्हाही असंच असेल.”

धाकटे, सव्वीस वर्षांत तुझ्या ताईने कोणाच्या घरचा पेलाभर चहा घेतला नाही, का तर पाटकरणीने घेऊ नये म्हणून. तिच्याविषयी हे उद्गार. मी त्यांस लेखी नोटीस दिली आहे की आठ दिवसांत पुरावा सादर करावा अथवा शब्द मागे घ्यावेत. तसे न झाल्यास पाटाचा संपूर्ण कारभार सरकारी पाटबंधारे कार्यालयाने ताब्यात घ्यावा, असा अर्ज मी करणार आहे. जेथे नियम लिहिलेले नाहीत तेथे चारित्र्य कोणाच्याही जिभेवर टांगलेले राहते.

तुझा भावोजी

३ एप्रिल

ती. भावोजींना धाकटीचा नमस्कार.

पत्र वाचलं आणि कात्री खाली ठेवली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, काय गं, कुणी गेलं का? म्हटलं, गेलेलीला परत ओढून आणतायत.

तात्याचं मला नवल नाही. त्याच्या थोरल्या सुनेला पाटकरीण करायचं त्याच्या मनात आहे, हे ताई दोन वर्षांपूर्वीच म्हणाली होती. ताई असताना काही चाललं नाही, आता तुम्हाला हलवून बघतोय. तुम्ही कागदावर बोलणारे, तो बांधावर बोलणारा. पण घाबरू नका. नोटीस दिलीत ते बरं केलंत. त्याला नोटीस म्हणजे काय हे कळेपर्यंत हंगाम संपेल.

सरकारी अर्जाचं मात्र जरा थांबा. एकदा पाट कार्यालयाकडे गेला की परत येत नाही. वरच्या पाटाचं झालं ना तसं? आता तिथे फळ्यावर वेळापत्रक असतं आणि पाणी कुठल्या दिवशी येईल ते फळ्यालाही माहीत नसतं. दहा घरं एकमेकांना शिव्या देतात, पण एकाच पाटावर बसून देतात. ते तरी राहू दे.

बाकी मला एकच हवंय. तुमचं काम सरलं आणि पंचांनी नवी वाटी घडवायची ठरवली, तर ताईची जुनी मला द्या. आई पाटकरीण होती तेव्हा ती काळीकुट्ट वाटी चोरून खेळायला घेतली म्हणून लहानपणी मी आईचा जो मार खाल्लाय, त्यावर माझा हक्क बसतो.

जेवत जा. एकट्यासाठी काय करायचं, असं म्हणून नुसतं पावावर भागवू नका. मला सगळं कळतं.

तुमची धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राने धीर आला. मुदत संपली आहे. तात्यांनी पुरावाही दिला नाही आणि शब्दही मागे घेतले नाहीत. नोटिशीच्या कागदात त्यांनी बियाणे गुंडाळून ठेवल्याचे समजते. अर्जाचा मसुदा पूर्ण झाला आहे. अकरा पाने झाली. सोमवारी रवाना करीन.

मी या प्रकरणी पूर्ण निश्चिंत आहे. एकतीस वर्षे मी दुकानदारांची मापे तपासली. माप खोटे असेल तर ते मला हाताळताक्षणी कळते. येथे खोटेपणास जागाच नाही.

वाटी तुला अवश्य मिळेल. मात्र ती आता काळीकुट्ट राहिलेली नाही. मी पहिल्याच दिवशी ती लिंबू-राखेने घासून घेतली आणि छिद्रातील पांढरा थर दाभणाने पूर्णपणे काढला. तू ओळखणार नाहीस इतकी ती लखलखीत झाली आहे. मळलेले माप म्हणजे चोराचे माप, असे मी दुकानदारांना नेहमी सांगत असे.

जेवणाची काळजी नसावी.

तुझा भावोजी

११ एप्रिल

भावोजी,

अर्ज टाकू नका. टाकला असलात तर परत आणा. पोस्टातल्या माणसाच्या पाया पडा.

छिद्रातला थर काढलात? तोच तर माप होता.

मी कापड कापते, मला मापाचं एवढं कळतं. पाटाच्या पाण्यात क्षार आहे. वर्षानुवर्षं तो भोकाच्या कडेला बसला, भोक बारीक झालं. आईच्या वेळी जेवढं होतं त्यावर ताईच्या वेळचं बसलं, आणि दहा घरांनी दर पाळीला डोळ्यांनी बघून तेच धरलं. म्हणून हात लावायचा नाही. म्हणून मार. तुम्ही भोक मोठं केलंत. वाटी लवकर बुडते. नऊ घरांची पाळी लवकर संपते, आणि वाचलेलं सगळं पाणी संध्याकाळपर्यंत कुणाच्या शेतात जातं? तात्या खरं बोलतोय हो. मेल्याच्या आयुष्यात एकदाच, आणि तेही आपल्याविरुद्ध.

मी आधी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्ही ताईसाठी दोन तास बसून भांडं घासलंत, आणि एवढ्या वर्षांत तिने तुम्हाला का नको म्हणतेय ते एकदा सांगितलं नाही. तिचा स्वभाव. तिला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे.

आता ऐका. भोकाच्या कडेला थोडं मेण लावा. हळूहळू ठीक होईल. कुणाला काही बोलू नका. दोन फेऱ्यांत ओळी हिरव्या झाल्या की तात्या आपोआप गप्प बसेल.

धाकटी

१५ एप्रिल

चि. धाकटीस.

अर्ज पाठविला नव्हता. सोमवारी टपालाची पिशवी निघून गेल्यावर मी पोचलो. आयुष्यात प्रथमच उशिरा पोचलो, आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे.

तुझे पत्र येताच वाटी घड्याळ लावून तपासली. एकवीस मिनिटे. पाच वेळा तपासली, पाचही वेळा एकवीस. आजवर ती किती मिनिटांची होती हे मला माहीत नाही, कारण मी ती कधी मोजलीच नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून सुटलेले हे एकमेव माप आहे. तुझ्या ताईच्या मापाची तपासणी करणे मला तिचा अपमान करण्यासारखे वाटे.

मेणाच्या सूचनेचा मी एक संपूर्ण दिवस विचार केला, हे कबूल करतो. ते सोपे होते. तात्या गप्प बसलेही असते. परंतु गप्प बसलेला माणूस मनात काय धरून बसतो ते आपल्या हातात नसते. ‘तेव्हाही असंच असेल’ हे वाक्य तसेच राहिले असते, आणि ते तिच्या नावावर राहिले असते. चूक माझी असता तिच्या खाती पडू देणे मला शक्य नाही.

सबब आज सकाळी पंच काकींच्या अंगणात जाऊन सर्व सांगितले. तात्यांना बोलावून घेतले होते. वाटी समोर ठेवली. तात्या ती उन्हात फिरवून पाहत म्हणाले, “चकाकतेय मात्र. दाढी करता येईल हिच्यात बघून.” मग म्हणाले, “पण साहेब, तुम्ही घासली हे मानलं. घासण्याआधी ती खरी होती, हे कशावरून मानायचं?”

प्रमाण नष्ट झाल्यावर प्रमाणपत्र देता येत नाही. मी तसे सांगितले. काकी म्हणाल्या, “बघू.” एवढेच.

तुझ्या ताईचे नाव माझ्या दाभणाच्या टोकावर अडकले आहे, धाकटे. ते कसे सोडवावे हे मला कळत नाही.

तुझा भावोजी

१७ एप्रिल

शेवटच्या घरचे साहेब यांस,

कालच्या फेरीत तुमच्या घरची पाळी दंड म्हणून घेतली. माप बिघडवणाऱ्याने एक पाळी सोडायची असा आपला रिवाज आहे. ते पाणी नऊ घरांच्या सुकलेल्या ओळींना दिलं. कोरडी जमीन जास्त पिते, म्हणून आधी तिची तहान भागवली. आता मोजता येईल.

वीस तारखेला सूर्योदयाला सगळ्यांनी पाटाच्या तोंडाशी यावं. तुम्ही वाटी आणू नये. घड्याळ आणावं.

पंच काकी
(नवव्या घरच्या सुनेकडून लिहवून घेतलं)

२४ एप्रिल

पाटावरच्या दहाव्या घराची मालकीण आणि माझी पत्नी, हिस,

चार दिवसांपूर्वीचा अहवाल आज देत आहे, कारण काम आज पुरे झाले.

वीस तारखेला सूर्योदयाला दहा घरांची माणसे दाराशी जमली होती. काकी आपल्या खुर्चीसह आल्या. खुर्ची तात्यांनी डोक्यावरून आणली. काकी म्हणाल्या, “भांडं खोटं बोलेल, माणूस खोटं बोलेल. पेरलेलं खोटं बोलत नाही. जिथवर पाणी पोचत नाही तिथे कुणी बी टाकत नाही. या हंगामाची पेरणी पाटकरीण जिवंत असताना झाली. तेव्हा प्रत्येकानं तिच्या मापाच्या पाण्याला जेवढं भिजतं तेवढंच पेरलंय. आज वाटी नाही. पाणी सोडायचं आणि शेवटची ओळ भिजली की हाक मारायची. साहेब घड्याळ बघतील.”

मी म्हणालो, “याची लेखी नोंद ठेवू का?” त्या म्हणाल्या, “ठेवा. तुम्हाला बरं वाटेल.”

पहिली पाळी तात्यांची. ते स्वतः शेवटच्या ओळीशी जाऊन बसले आणि मी बांधावर उभा राहिलो. पाणी ओळीमागून ओळ घेत गेले. तात्यांनी हात वर केला तेव्हा पंच्याहत्तर मिनिटे झाली होती. म्हणजे वाटीला पंचवीस.

एका घरावरून काही सिद्ध होत नाही. तू तात्यांना पंचवीसची वाटी दिलीस आणि दुसऱ्याला तेवीसची, असेही असू शकले असते. तात्यांच्या चेहऱ्यावरही तेच होते. ते माझ्याबरोबर चालू लागले. दुसऱ्या घरी शहात्तर. तिसऱ्या घरी पंच्याहत्तर. चौथ्या घरची म्हातारी ओळीकडे न बघता गवत उपटत बसली होती, पाणी पोचताच मागे न वळता म्हणाली, “झालं.” पंच्याहत्तर. पाचव्यापाशी तात्यांनी माझ्या हातातले घड्याळ मागून घेतले आणि पुढे तेच बघू लागले. पाचवे पंच्याहत्तर. सहावे चौऱ्याहत्तर. सातवे पंच्याहत्तर. आठव्या घरी पाणी मध्ये उंदराच्या बिळात शिरले, तेव्हा तात्याच ओरडले, “ती दोन मिनिटं धरू नका रे, त्यात वहिनींचा काय दोष?” ती दोन मिनिटे वजा करून पंच्याहत्तर. नववे पंच्याहत्तर.

मी एकतीस वर्षे शहरातील नामांकित दुकानांची मापे तपासली. नऊ ठिकाणी एवढा सारखेपणा मी कधीही पाहिला नाही.

मग आपले घर. सूर्यास्ताला अवकाश होता. नियमाप्रमाणे तेथवरचे सर्व पाणी तुझे. मला वाटले की येथे मोजण्यासारखे काही नाही. परंतु काकींची खुर्ची आपल्या बांधापर्यंत आणली गेली, आणि त्या म्हणाल्या, “इथेही तेच.” पाणी सोडले. तुझी शेवटची ओळ पंच्याहत्तर मिनिटांना भिजली. त्यापुढे मोकळी जमीन होती. मी ती नेहमी पडीक समजत आलो होतो.

सूर्यास्ताला अजून दहा मिनिटे होती. तात्या त्या मोकळ्या जमिनीत वाकून काही शोधत होते. बांधाच्या कोपऱ्यात माझ्या हाताने बुजवलेली एक वाट त्यांना सापडली. मी ती गळती समजून मार्चमध्ये चिखलाने बंद केली होती. तात्यांनी हातानेच चिखल काढला. पाणी त्या वाटेने खाली सामाईक हौदाकडे वाहू लागले. काकी म्हणाल्या, “तिला हक्क होता. ती घेत नव्हती. तीन वाट्या सगळ्यांना, तीन तिला, उरलेलं गुरांना.”

तू हे मला कधी सांगितले नाहीस. आता समजते की सांगण्यासारखे त्यात काही आहे असे तुला वाटलेच नसावे.

तात्या चिखलाचे हात घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, “साहेब, ती नोटीस कुठेय माझी? शब्द मागे घ्यायचे असतील तर कुठे सही करायची?” मी म्हणालो, “तिच्यात आपण बियाणे ठेवले आहे.” ते म्हणाले, “बरोबर. मग पेरल्यावर उगवेल ते.” दहा घरे हसली. मीही हसलो असे धाकटीला कळवले आहे. तिला खरे वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी तांबट आला. छिद्राच्या कडेला कथलाचा थेंब देऊन, घासून, परत देऊन, सोळाव्या वेळेस वाटी पंचवीस मिनिटांना बुडाली. पुस्तकात घटिका, म्हणजे अशी वाटी एकदा बुडण्याचा काळ, चोवीस मिनिटांची असते. मी हे कोणालाही सांगितले नाही व सांगणार नाही. येथील घटिका पंचवीसची आहे.

पाटकरीण मीच राहावे असे काकी म्हणाल्या. तात्यांनीही दुजोरा दिला. मी नम्रपणे नकार दिला. ज्याने प्रमाण बिघडवले त्याने ते सांभाळू नये, हा माझ्या खात्याचा नियम होता आणि तो मला मान्य आहे. आपले शेत मी नवव्या घरच्या सुनेस कसायला दिले. त्यामुळे शेवटचे घर आता तिचे झाले आणि माप रिवाजाप्रमाणेच तिच्या हाती गेले. तिचे अक्षर चांगले आहे, परंतु ती नोंदी ठेवणार नाही असे म्हणते. मी आग्रह केला नाही. वाटी तिच्याकडेच राहील. धाकटीने आपला हक्क सोडला आहे. म्हणते, मार खाल्ला तेवढे पुरे.

आज नव्या पाटकरणीची पहिली फेरी होती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मी खोलीच्या बाहेर बसून होतो आणि एकदाही घड्याळ पाहिले नाही. नऊ पाळ्या झाल्या. दहावी झाली. हौदात पाणी उतरले.

ती गेल्यावर मी खोली झाडली. घंगाळ पालथे घातले. चटई गुंडाळून घरी आणण्यासाठी बाजूला घेतली. तुझी टोपी खुंटीवरून काढली व डोक्यावर घातली, कारण एका हातात चटई आणि दुसऱ्यात कुलूप होते. मग दार ओढून घेतले, कुलूप लावले, ते दोनदा हिसडून पाहिले आणि दोन्ही किल्ल्या काकींच्या घरी जाऊन परत केल्या.